मोटारसायकलच्या क्लच वायरचे तेलपाणी

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्यातील पाचट अशाच विषयांवर लिहीत असतो. या वेळचा विषय उसाचा नाही, पण उसाच्या फडापर्यंत आपणाला नेणाऱ्या गाडीचा आहे. आपल्या कार्यक्षेत्रात आता मोटारसायकल नाही असे घर शोधून काढावे लागेल. रात्रपाळीची लाइट आली की मोटर चालू करायला मळ्यात जायचे ते गाडीवर, डेअरीला दूध घालायचे ते गाडीवर, खताचे पोते टाकीवर आडवे टाकून आणायचे तेही गाडीवरच. आम्हा शेतकी खात्याच्या माणसांची तर हंगामात दिवसाला साठ-सत्तर किलोमीटरची पाणंद ठरलेली. बैलाला वेळेवर पेंड आणि पाणी दाखवणारे आपण लोक या गाडीकडे मात्र ती बंद पडल्याशिवाय बघत नाही. त्यातही क्लचच्या वायरकडे तर कोणीच बघत नाही. ती तुटते तेव्हाच तिची आठवण होते.

मी मेस्त्री नव्हे. कृषी पदविकेला असताना ट्रॅक्टरचा क्लच फळ्यावरच्या आकृतीत शिकलो तेवढाच. बाकी जे लिहितो आहे ते आपल्या वर्कशॉपमधील फिटर मंडळींकडून शिकलेले आणि स्वतःच्या गाडीवर केलेले आहे. आणि शिकायला कारण घडले ते आधी सांगतो, कारण त्यात चूक माझीच होती.

२०१९ च्या जानेवारीतील गोष्ट. तोडणी प्रोग्रामचे काम आटोपून संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला परत येत होतो. कारखान्याकडे वळणाऱ्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. माझ्यापुढे एक जोड-ट्रॉली, मागे वाढ्यांसकट ऊस चांगला हात-दीड हात बाहेर आलेला. मी पहिल्या गियरमध्ये, क्लच दाबून, हळूहळू पुढे सरकत होतो. तेवढ्यात डाव्या हातात 'तट्' असे झाले आणि लिव्हर एकदम सैल पडला. क्लच दाबलेला असतो तेव्हा इंजिनाचे बळ चाकाला मिळत नाही. वायर तुटल्याबरोबर ते सगळे बळ एकदम चाकाला लागले आणि गाडीने उडी मारली. ब्रेक दाबेपर्यंत मी ट्रॉलीच्या मागच्या उसात घुसलो होतो. उसाचे टोक हेल्मेटच्या काचेवर बसले. हेल्मेट नसते तर ते कुठे बसले असते हे सांगायला नको. डाव्या हाताची करंगळी मोडली ती थंडीत अजून ठणकते.

दुसऱ्या दिवशी फिटरने ती तुटलेली वायर मला दाखवली. वायर म्हणजे एक तार नसते, पुष्कळ बारीक तारा पिळून केलेली दोरीच असते. तुटलेल्या टोकाशी त्याने बोट ठेवले. बहुतेक तारांची टोके काळी, गंजलेली होती. फक्त तीन-चार तारांची टोके ताजी, चकचकीत होती. फिटर म्हणाला, "साहेब, ही वायर काल तुटली नाही. महिनाभर तुटत होती. काल फक्त शेवटच्या चार तारा राहिल्या होत्या." आणि खरे सांगायचे तर आठ दिवसांपूर्वी लिव्हरजवळ एक तार कुसळासारखी बाहेर आलेली माझ्या बोटाला टोचली होती. हंगाम संपला की बघू, म्हणून मी ती तशीच सोडली होती.

असो. आता मूळ विषयाकडे येऊ.

क्लच म्हणजे काय, हे पिठाच्या गिरणीचे उदाहरण घेतले की चटकन कळते. जुन्या पट्ट्याच्या गिरणीत दोन पुल्या शेजारी शेजारी असायच्या, एक जात्याला जोडलेली आणि एक नुसतीच फिरणारी लूज पुली. पट्टा लूज पुलीवर सारला की इंजिन चालू राहायचे, पण जाते थांबायचे. मोटारसायकलमध्ये हेच काम क्लच प्लेटी करतात. डब्यात चपात्या रचाव्यात तशा त्या एकावर एक बसवलेल्या असतात आणि स्प्रिंगांनी घट्ट दाबून धरलेल्या असतात. त्यातल्या एकाआड एक प्लेटी इंजिनाबरोबर फिरतात आणि मधल्या गियरबॉक्सबरोबर. दाब आहे तोवर सगळ्या मिळून फिरतात. आपण लिव्हर दाबला की वायर ओढली जाते, इंजिनावरचा एक छोटा दांडा फिरतो, स्प्रिंगांचा दाब निघतो आणि प्लेटी एकमेकींवरून घसरू लागतात. गियर बदलायचा तो त्या वेळात.

म्हणजे हाताची बोटे आणि त्या प्लेटी यांच्यामध्ये दुवा एकच, ती वायर. बैलाला जसा कासरा, तशी गाडीला ही वायर. बाहेरून दिसते ती काळी नळी म्हणजे पोलादी तारेचे वेटोळे असून त्यावर प्लास्टिकचे आवरण असते. आतून पिळाची वायर सरकते. नळी दोन्ही टोकांना टेकलेली असते, म्हणून वळणावळणांनी जाऊनही आतली वायर बरोबर ओढ देते. ही युक्ती अर्नेस्ट मॉनिंग्टन बाउडन यांनी १८९६ साली इंग्लंडमध्ये पेटंट केली. म्हणून तिला अजूनही बाउडन केबल म्हणतात. सव्वाशे वर्षे होऊन गेली, पण आपल्या साध्या गाड्यांत तिच्याहून स्वस्त आणि सोपी सोय अजून आलेली नाही. काही महागड्या गाड्यांना वायरऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच असतो. त्यांना हा लेख लागू नाही.

वायर जड का होते? आपल्या भागात त्याची तीन कारणे मला सारखी दिसतात. पहिले म्हणजे धूळ आणि उसाचा भुसा. दुसरे म्हणजे एचटीपी पंपाने गाडी धुण्याची आपली सवय. त्या पंपाचा फवारा लिव्हरच्या बाजूने नळीत शिरतो आणि पाणी आतच राहते. गाडी बाहेरून चकचकीत आणि वायर आतून गंजकी, असा प्रकार होतो. तिसरे म्हणजे खत. पोटॅशचे किंवा अमोनियम सल्फेटचे पोते हँडलला टेकवून आणताना चार दाणे सांडतातच. पोटॅशमध्ये क्लोराइड असते आणि त्याला ओल मिळाली की ते लोखंड खाते. म्हणून खत आणल्यावर हँडलजवळचा भाग निदान ओल्या फडक्याने पुसून मग कोरडा करावा.

आता वायर तुटते कुठे, ते बघा. मधे कधी तुटत नाही म्हटले तरी चालेल. तुटते ती टोकाला, निपलच्या मुळाशी. निपल म्हणजे वायरच्या टोकाला ओतलेली धातूची गोळी. ही गोळी लिव्हरच्या भोकात बसते. लिव्हर दाबताना त्याचा कोन बदलतो, म्हणून गोळीने त्या भोकात थोडे फिरायला हवे. भोक कोरडे पडले, त्यात माती आणि गंज बसला, की गोळी अडकते. मग गोळीऐवजी वायर वाकते, प्रत्येक वेळी त्याच जागी. बांधणीची तार पक्कड नसताना आपण कशी तोडतो? एकाच जागी पुढे-मागे वाकवून. लिव्हरवर नेमके हेच चालते, दिवसातून शेकडो वेळा. म्हणून बाकी काही करायला वेळ नसेल तर नसू दे, पण निपलच्या भोकात बोटाने चिमूटभर ग्रीस महिन्या-दोन महिन्यांनी लावत जा. एवढ्यानेच वायरचे आयुष्य पुष्कळ वाढते. मला हे आधी माहीत असते तर करंगळी वाचली असती.

घरी तेल द्यायचे कसे? साहित्य फार लागत नाही. १० चा, १२ चा आणि १४ चा पाना, एक पक्कड, जुने फडके, दुधाची रिकामी धुतलेली पिशवी, दोरा किंवा रबरबँड, थोडे ग्रीस आणि अर्धी वाटी पातळ ऑइल. शिलाई मशीनचे ऑइल उत्तम. ते नसेल तर गाडीत घालतो ते नवे इंजिन ऑइल चालते.

काय वापरू नये हे जास्त महत्त्वाचे आहे. इंजिनातून काढलेले काळे ऑइल वापरू नका. फुकट मिळते म्हणून आपण ते दाराच्या बिजागरीपासून सगळीकडे लावतो, पण त्यात काजळी आणि झिजलेल्या धातूचे कण असतात. नळीत ते वंगण न होता पॉलिशपेपरचे काम करते. रॉकेल किंवा डिझेलही वंगण नव्हे. ते असलेले तेल धुऊन नेते आणि मागे कोरडा गंज ठेवते. खोबरेल तर अजिबात नको. डिसेंबरच्या पहाटे बाटलीत ते गोठलेले आपण बघतोच, तसेच ते वायरमध्ये गोठते आणि तुम्ही म्हणता, थंडीत क्लच जड का झाला? फवाऱ्याच्या डब्यातील गंज सोडवणारा स्प्रे मिळतो, तो वायर मोकळी करायला चांगला आहे, पण लवकर उडून जातो. त्याच्या मागून ऑइल दिलेच पाहिजे. नळीच्या आत ग्रीस भरू नये. ते धूळ धरून ठेवते आणि घट्ट होते. ग्रीस फक्त निपलला आणि लिव्हरच्या बोल्टला.

अलीकडच्या पुष्कळ वायरींना नळीत नायलॉनसारखे गुळगुळीत अस्तर असते. अशा वायरीला तेल फारसे लागत नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत जे लिहिले असेल ते प्रमाण मानावे. ती पुस्तिका बहुतेकांच्या घरी प्लास्टिकच्या पिशवीतच असते, या निमित्ताने ती उघडली जाईल.

काम सकाळी, इंजिन थंड असताना करावे. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी लावून किल्ली काढून घ्यावी. वायर हँडलपासून इंजिनापर्यंत कुठून कशी गेली आहे ते नीट बघून ठेवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम. पुष्कळजण वायर काढतात भराभर आणि बसवताना चुकीच्या बाजूने नेतात.

नंतर खाली इंजिनाजवळ जिथे वायर येते तिथला चेकनट सैल करा आणि ॲडजस्टिंग नट फिरवून वायरला भरपूर सैलपणा द्या. लिव्हरजवळही गोल दातेरी ॲडजस्टर असेल तर तो पूर्ण आत फिरवा. काही गाड्यांना हा वरचा ॲडजस्टर नसतो. तेथे सगळे काम खालीच करायचे. वरच्या ॲडजस्टरला, त्याच्या चेकनटला आणि लिव्हरच्या ब्रॅकेटला एकेक खाच असते. या तिन्ही खाचा एका रेषेत आणल्या की वायर बाजूने सुटते आणि निपल लिव्हरच्या भोकातून खाली निघते. येथे पक्कड लावून ओढाताण करू नका. निघत नसेल तर खाली अजून सैल करा, आपोआप निघते.

निपल हातात आले की आधी डोळे लावून तपासा. एक जरी तार तुटून वर आली असेल तर तेल देण्याचे काम तेथेच थांबवा आणि नवी वायर आणा. तुटकी तार कापून टाकली, टेप गुंडाळली, डाक लावला, असले उद्योग करू नका. नळी कुठे दबलेली, सायलेन्सरला लागून वितळलेली, किंवा आवरण फाटून आतले वेटोळे गंजलेले दिसले तरी तोच निर्णय. एक टन उसाच्या बिलात साध्या गाडीच्या आठ-दहा वायरी सहज येतील. एवढ्यासाठी हातपाय पणाला लावू नयेत.

वायर धड असेल तर दुधाच्या पिशवीचा एक कोपरा अगदी बारीक कापा. त्यातून वायरचे वरचे टोक नळीसकट बोटभर आत घ्या आणि बाहेरून दोऱ्याने आवळून बांधा, म्हणजे एक छोटे नरसाळे तयार झाले. पिशवीचे वरचे तोंड हँडलला दोऱ्याने टांगा आणि त्यात दोन-तीन चमचे ऑइल ओता. आता आतली वायर निपलला धरून वर-खाली, वर-खाली करत राहा. ऑइल हळूहळू उतरते. खाली इंजिनाकडच्या टोकाला ऑइलचा थेंब दिसला की काम झाले. पहिले थेंब तांबडे-काळे येतील, तो गंज आणि मळ होय. स्वच्छ थेंब येईपर्यंत थोडे थोडे ऑइल ओतत राहावे. फार गंजलेली असेल तर रात्रभर तसेच टांगून ठेवावे. खाली फडके धरायला विसरू नका. ऑइल सायलेन्सरवर पडले तर गाडी चालू केल्यावर धूर होईल, आणि टायरवर पडले तर पहिल्याच वळणावर गाडी घसरेल.

जनावरांच्या इंजेक्शनची सुईविना सिरिंज आणि चार बोटे रबरी नळी घेऊनही हे काम होते. नळी वायरच्या टोकावर घट्ट बसवायची आणि दट्ट्याने ऑइल दाबायचे. आमच्या एका चिटबॉयने ही युक्ती काढली आहे. त्याची वायर पाच मिनिटांत तयार होते. पिशवीला वेळ लागतो, पण ती प्रत्येक घरात असते.

याच वेळी लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर बाजूला घ्यावा. बोल्ट आणि त्याची जागा फडक्याने पुसून पातळ ग्रीस लावावे. पुन्हा बसवताना बोल्ट इतका आवळू नये की लिव्हर जाम होईल. लिव्हर सोडला की स्वतःहून पुढे आला पाहिजे. कित्येकदा वायर चांगली असते आणि जड असतो तो हा बोल्टच.

आता ढिलाई. या भागात लोकांची सर्वांत जास्त गल्लत होते, म्हणून येथे जरा थांबतो.

लिव्हर दाबायला सुरुवात केल्यावर पहिला काही भाग तो फुकट जातो, वायरवर ताण येत नाही. ही फुकट चाल म्हणजे ढिलाई, मेस्त्री लोक तिला फ्री प्ले म्हणतात. ती मुद्दाम ठेवलेली असते. साध्या १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी मोजली असता ती १० ते २० मिलिमीटर असावी लागते, म्हणजे साधारण एका बोटाच्या जाडीइतकी. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत बघावा.

ढिलाई जास्त झाली तर लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटी पुऱ्या सुटत नाहीत. मग गियर टाकताना 'खट्ट' आवाज येतो, उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही, क्लच दाबलेला असतानाही गाडी पुढे सरकते. हे कोणाच्याही लक्षात येते, कारण त्रास लगेच होतो.

ढिलाई कमी झाली किंवा अजिबात राहिली नाही तर प्लेटी पुऱ्या दाबल्याच जात नाहीत. आपण क्लचला हात लावलेला नसतो, पण गाडीला वाटते की क्लच थोडा दाबलेला आहे. इंजिन ओरडते, वेग वाढत नाही. ओझे असले, चढ असला की जास्त जाणवते. पेट्रोल जास्त जाते, प्लेटी तापतात, जळका वास येतो. हे हळूहळू होते, म्हणून कळत नाही. आणि खर्च याचाच मोठा असतो.

मागच्या हंगामात एक सभासद मला म्हणाले, "साहेब, गाडी ओढंना झालीया बघा. गॅरेजवाला म्हणतोय प्लेटी गेल्या, अडीच हजार तरी धरा."

मी म्हटले, "आबा, वायरीला कधी हात लावला होता का?"

"तर हो! ओढंना म्हणून मीच परवा चांगली आवळली. तवापासनं लईच कमी झालीया."

लिव्हर बघितला तर टोकाला केसभरही चाल नव्हती. खालचा नट फिरवून बोटभर ढिलाई दिली आणि आबांना एक चक्कर मारून यायला सांगितले. मागे नातवाला बसवून ते चढापर्यंत जाऊन आले. प्लेटी थोड्याफार झिजल्या असतीलच, पण गाडी पुढे पाच महिने त्याच प्लेटींवर चालली.

आपली समजूत अशी की सैल झाले म्हणजे बिघडले आणि आवळले म्हणजे सुधारले. गाडी ओढत नाही, की आवळा. क्लचच्या बाबतीत हे उलटे आहे. वायर वापराने बसते, लांबते, तेव्हा ढिलाई वाढते. तेव्हा आवळणे बरोबर. पण प्लेटी झिजतात तेव्हा ढिलाई कमी होत जाते. तेव्हा वायर सैल करायची असते. म्हणजे एकाच गाडीत एक गोष्ट ढिलाई वाढवत असते आणि दुसरी कमी करत असते. म्हणून अंदाजाने आवळू नये, दर वेळी टोकाशी मोजून बघावे.

आणखी एक कारण नोंदवून ठेवतो. ढिलाई बरोबर असूनही गाडी ओढत नसेल तर ऑइल कोणते घातले ते आठवा. मोटारसायकलच्या बहुतेक क्लच प्लेटी इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. चारचाकीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, त्याने प्लेटी घसरू शकतात. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' असा शिक्का असलेले मोटारसायकलचेच ऑइल घ्यावे.

ढिलाई लावण्याचा क्रम असा. निपल भोकात बसवताना ग्रीस लावा. वायर मूळच्याच वाटेने न्या, कुठे काटकोनात वळणार नाही आणि सायलेन्सरला टेकणार नाही अशी. वरचा ॲडजस्टर बहुतेक आत ठेवा, दोन-तीन आटे फक्त बाहेर. मोठी दुरुस्ती खालच्या नटाने करा आणि शेवटची बारीक दुरुस्ती वरून. वरचा ॲडजस्टर बाहेर फिरवला की ढिलाई कमी होते, आत फिरवला की वाढते. कारण सोपे आहे. बाहेरच्या नळीची लांबी वाढवली की आतली वायर तिच्यापुढे तोकडी पडते आणि ताणली जाते. टोकाशी चाल बरोबर आली की दोन्हीकडचे चेकनट घट्ट करा. चेकनट विसरला तर खडबडीत रस्त्यावर दोन दिवसांत सगळे पुन्हा जिथल्या तिथे.

मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून दोन्ही वेळा चाल तपासा. एका बाजूला चाल नाहीशी होत असेल तर वायर कुठेतरी अडकते किंवा चुकीच्या वाटेने गेली आहे. हे न तपासता गाडी बाहेर काढू नये. पाणंदीच्या वळणावर हँडल वळवले आणि क्लच आपोआप दाबला गेला, असे होते.

शेवटी अंगणातच चाचणी घ्यावी. गाडी चालू करून, ब्रेक धरून, क्लच दाबून पहिला गियर टाका. गाडीने जागा सोडता कामा नये. ब्रेक सोडून लिव्हर हळू सोडला की साधारण मधल्या टप्प्यात गाडीने ओढ घेतली पाहिजे. नंतर मोकळ्या रस्त्याला वरच्या गियरमध्ये थोडी रेस वाढवून बघा. आवाजाबरोबर वेगही वाढला पाहिजे. नुसता आवाज वाढला तर क्लच घसरतो आहे. खालच्या नटाची चाल संपली तरी ढिलाई जमत नसेल, तर मात्र वायर किंवा प्लेटी बदलण्याची वेळ झाली, तेथे गॅरेजलाच जावे.

नवी वायर बसवली तर पहिल्या काही दिवसांत ती बसते आणि ढिलाई वाढते. आठवड्याने एकदा पुन्हा लावावी लागते. गॅरेजवाल्याने नीट बसवली नाही असा त्याच्यावर ठपका ठेवू नये.

हे सगळे वर्षातून दोनदा केले तरी पुरे, असे माझे मत आहे. एकदा मृगाच्या आधी, कारण पुढे चार महिने पाणी आणि चिखल. दुसऱ्यांदा खंडेनवमीला. त्या दिवशी आपण गाडी धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. त्याच सकाळी अर्धा तास वायरीला दिला तर हंगामाच्या तोंडाला गाडी तयार असते. विनागियरच्या स्कूटरला क्लचची वायर नसते, पण ब्रेकची असते, आणि तीही अशीच गंजते. घरातील महिला आणि शाळा-कॉलेजची मुले ती गाडी वापरतात, म्हणून तिच्याही वायरी तपासाव्यात. मात्र ब्रेकची वायर काढून पुन्हा लावल्यावर ब्रेक नीट तपासल्याखेरीज गाडी रस्त्यावर नेऊ नये.

एवढे करूनही वायर वाटेत तुटलीच तर? आधी रेस सोडा, ब्रेक दाबा, इंजिन बंद पडले तर पडू द्या. गाडी बाजूला घ्या. क्लचविना गाडी चालवता येते हे खरे आहे. न्यूट्रलमध्ये चालू करून, पायाने ढकलत थोडा वेग देऊन पहिला गियर टाकायचा, पुढचे गियर रेस सोडता सोडता टाकायचे आणि थांबायच्या आधीच न्यूट्रल करायचे. पण हे मोकळ्या रस्त्यावर, दिवसा, एकट्याने असाल तरच, घर किंवा गॅरेज गाठण्यापुरते. मागे माणूस, दुधाची कॅन किंवा पोते असताना नको. उसाच्या रांगेत, वजनकाट्याजवळ, बैलगाड्यांमध्ये तर मुळीच नको. तेथे गाडी ढकलत न्यावी.

रात्री मळ्यात जाणाऱ्यांसाठी फिटर मंडळींची एक जुनी युक्ती सांगतो. एक नवी वायर आणून तिला तेल द्यावे, दोन्ही टोकांना प्लास्टिक बांधून ती जुन्या वायरीच्या शेजारूनच, त्याच वाटेने, दोऱ्याने बांधून ठेवावी. जुनी तुटली की तिची टोके सोडायची आणि नवीची दोन टोके अडकवायची. अंधारात टाकीखालून वायर ओवत बसावे लागत नाही. डिकीत १० आणि १२ चा पाना मात्र ठेवावा. मी स्वतः २०१९ पासून अशीच वायर बांधून फिरतो. वायर विकत घेताना गाडीचे मॉडेल आणि साल सांगूनच घ्यावी. दिसायला सारख्या असल्या तरी बोटभर कमी-जास्त लांबीची वायर त्या गाडीला लागत नाही, आणि दुकानदाराने ती परत घेतली नाही तर वाद घालण्यात अर्थ नसतो.